जुन्या स्पोर्ट्स कारसाठी नव्या टायरची निवड : जॅग्वार ई-टाइपच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोटारगाडीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारणतः तळहाताएवढा असतो आणि इंजिनाची शक्ती, ब्रेकचा जोर व सुकाणूचा आदेश हे सर्व त्या तळहाताएवढ्या रबरातूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. नेहमीच्या वापरातील गाडीच्या बाबतीत टायर बदलणे हा फारसा विचाराचा विषय नसतो. टायर झिजतो, दुकानदार त्याच मापाचा दुसरा टायर देतो आणि व्यवहार संपतो. साठ वर्षांपूर्वी तयार झालेल्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र या व्यवहारातील एकही पायरी जशीच्या तशी लागू पडत नाही. तिचे टायर झिजत नाहीत, तिचे मूळ माप सामान्य दुकानात मिळत नाही आणि जे मिळते ते गाडीच्या चाकावर बसते म्हणून गाडीला योग्यच असते असेही नाही.

प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील जॅग्वार कंपनीच्या ई-टाइप या गाडीचे उदाहरण घेऊन बदली टायरच्या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे. टायर ही गाडीला नंतर जोडलेली वस्तू नसून तिच्या रचनेचाच एक घटक असतो. त्यामुळे ‘उत्तम टायर कोणता’ या प्रश्नाला गाडी निरपेक्ष उत्तर नाही, ही या विवेचनामागील भूमिका आहे. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर या कंपन्या विकत घेतल्यापासून या गाडीचा वारसा मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाकडे आला आहे, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

ई-टाइप आणि तिचे मूळ टायर

ई-टाइप प्रथम मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा कंपनीचा दावा यांमुळे ती तत्काळ गाजली. १९६४ मध्ये इंजिन ४.२ लिटरचे झाले, १९७१ मध्ये बारा सिलिंडरांची तिसरी मालिका आली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास उत्पादन थांबले.

पहिल्या गाड्यांना डनलॉप कंपनीचे आरएस५ हे टायर होते व त्यांचे माप ६.४०-१५ असे होते. यातील ६.४० ही टायरची इंचांतील रुंदी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. डनलॉपची निवड आकस्मिक नव्हती. जॅग्वार व डनलॉप यांनी डिस्क ब्रेकच्या विकासातही एकत्र काम केले होते आणि १९५३ च्या ल माँ शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार सी-टाइपने विजय मिळवला होता. ज्या ग्राहकांना आणखी वेग हवा असे, त्यांच्यासाठी शर्यतीचे आर५ टायर स्वतंत्रपणे उपलब्ध होते. पुढे त्याच दशकात ई-टाइपला १८५ मिलिमीटर रुंदीचे रेडियल टायर देण्यात येऊ लागले आणि तिसऱ्या मालिकेस अधिक रुंद व ठेंगण्या बाजूंचे ई७०व्हीआर१५ हे टायर आले. एकाच नावाच्या गाडीने सुमारे दीड दशकात टायरच्या तीन पिढ्या पाहिल्या. म्हणून ‘ई-टाइपचा टायर’ असा उल्लेख अपुरा आहे. गाडी कोणत्या मालिकेतील व कोणत्या वर्षाची, हे आधी निश्चित करावे लागते.

क्रॉस-प्लाय आणि रेडियल

वरील तीन पिढ्यांपैकी पहिली क्रॉस-प्लाय रचनेची होती. या रचनेत टायरच्या आतील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. टायरच्या बाजू आणि रस्त्याला टेकणारा भाग यांची जडणघडण वेगळी नसते. त्यामुळे बाजू दबली की तळही वाकडा होतो. भारतात या टायरला सर्रास ‘नायलॉन टायर’ म्हटले जाते. वस्तुतः नायलॉन हे धाग्याचे नाव आहे, रचनेचे नव्हे. परंतु बाजारात रूढ झालेला शब्द शास्त्रशुद्धतेची वाट पाहत नाही.

रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने जातात आणि त्यांच्यावर, तळाच्या रबराखाली, पोलादी तारांचा अथवा कापडी धाग्यांचा एक वेगळा पट्टा असतो. बाजूंनी लवचीक राहावे आणि पट्ट्याने तळ सपाट धरून ठेवावा अशी ही श्रमविभागणी आहे. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे एकस्व घेतले व १९४९ मध्ये ‘एक्स’ या नावाने टायर बाजारात आणला. इटलीतील लान्सिया ऑरेलिया या गाडीला १९५० पासून हे टायर मुळातच बसवलेले असत. इटलीच्याच पिरेली कंपनीने ‘सिंतुरातो’ या नावाने कापडी पट्ट्याचा रेडियल टायर विकसित केला. सिंतुरा म्हणजे कमरपट्टा. नावातच रचना सांगितलेली आहे.

या दोन रचनांतील फरक केवळ टिकाऊपणाचा नाही. वळणावर चाक ज्या दिशेला वळवलेले असते आणि गाडी प्रत्यक्ष ज्या दिशेने जाते, त्या दोन दिशांमध्ये थोडा कोन राहतो. अभियंते त्यास स्लिप अँगल म्हणतात. क्रॉस-प्लाय टायरला आपली कमाल पकड गाठण्यासाठी हा कोन मोठा लागतो. ती पकड रेडियलपेक्षा कमी असते, पण सुटते ती हळूहळू, चालकाला पूर्वसूचना देत. रेडियल टायर लहान कोनातच अधिक पकड देतो, मात्र मर्यादा ओलांडल्यावर तो तुलनेने अचानक सुटतो. १९५० च्या दशकातील शर्यतींच्या छायाचित्रांत वळणावर चारही चाकांनी बाजूला सरकत जाणाऱ्या गाड्या दिसतात. त्या चालकांचे कौशल्य निर्विवाद आहे, परंतु त्यामागे टायरची ही प्रकृतीही आहे.

याचा निवडीशी थेट संबंध असा की, क्रॉस-प्लाय टायर गृहीत धरून ठरवलेले सस्पेन्शन रेडियल टायरवर वेगळे वागते. मंद वेगात सुकाणू जड होते, रस्त्यावरील लहान खड्डे अधिक जाणवतात आणि सरळ रस्त्यावरील भरकटणे मात्र कमी होते. ई-टाइप येथे सुदैवी ठरते. कंपनीने स्वतःच पुढे तिला रेडियल टायर दिले असल्याने पहिल्या मालिकेच्या गाडीवरही १८५ रुंदीचा रेडियल टायर हा ऐतिहासिक व तांत्रिक अशा दोन्ही दृष्टींनी समर्थनीय पर्याय ठरतो. केवळ प्रदर्शनात मांडण्यासाठी ठेवलेल्या १९६१ च्या गाडीस मूळचा क्रॉस-प्लाय शोभून दिसेल. पण आजच्या ब्रिटनच्या ओल्या द्रुतगती मार्गावर ती चालवायची असल्यास रेडियलच इष्ट, असे म्हणावे लागते.

दोन रचनांची सरमिसळ मात्र सर्वथा वर्ज्य होय. ब्रिटनच्या १९८६ च्या वाहन बांधणी व वापरविषयक नियमांनुसार एकाच आसावर एका बाजूस रेडियल व दुसऱ्या बाजूस क्रॉस-प्लाय लावता येत नाही. तसेच पुढे रेडियल व मागे क्रॉस-प्लाय अशी जोडीही चालत नाही. कारण उघड आहे. पुढची चाके रस्त्याला धरून ठेवतात, मागची आधी सुटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. दोनच टायर बदलून खर्च वाचवू पाहणाऱ्या मालकाने हा नियम विशेष ध्यानात घेतला पाहिजे.

आकड्यांचे वाचन

आधुनिक टायरवर १९५/६५ आर १५ ९१ व्ही असा मजकूर आढळतो. येथे १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही बाजूच्या उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी, आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा व्यास, ९१ हा भारांक आणि व्ही ही वेगमर्यादेची खूण होय. जुन्या १८५ व्हीआर १५ या मापात मधली टक्केवारी नसते. ती न लिहिण्याचे कारण असे की त्या काळी रेडियल टायरची बाजू रुंदीच्या सुमारे ८० टक्के असते हे गृहीतच होते. या न लिहिलेल्या आकड्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

१८५ मिलिमीटरचे ८० टक्के म्हणजे १४८. दोन्ही बाजू मिळून २९६ आणि १५ इंची रिमचे ३८१ धरता टायरचा एकूण व्यास सुमारे ६७७ मिलिमीटर होतो. आता १९५/६५ आर १५ हे आजच्या मध्यम आकाराच्या गाड्यांचे सर्वत्र मिळणारे व स्वस्त माप पाहावे. रिम तोच, रुंदी थोडी अधिक, वेगमर्यादाही पुरेशी. दुकानदार तो सहज सुचवतो. परंतु त्याचा व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ टायरपेक्षा सहा टक्क्यांहून अधिक कमी. परिणामी गाडी सुमारे २१ मिलिमीटर खाली बसते. वेगदर्शक काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९४ च्या आसपास असते आणि त्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फेरे मारावे लागतात. शिवाय चाकाभोवतीच्या कमानीत रिकामी जागा दिसू लागते. ई-टाइपसारख्या, रेषांच्या सौंदर्यासाठीच नावाजलेल्या गाडीत हा दोष लहान नव्हे.

२०५/७० आर १५ या मापाचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर असल्याने तो मूळ व्यासाच्या जवळ येतो व तिसऱ्या मालिकेसाठी तोच स्वाभाविक पर्याय आहे. पहिल्या मालिकेचा रिम मात्र केवळ पाच इंच रुंद असतो आणि या टायरसाठी चालू शकणाऱ्या रिमची ती अगदी खालची मर्यादा आहे. तेथे टायरच्या कडा आत ओढल्या जातात, तळ मध्यभागी फुगतो आणि वाढवलेल्या रुंदीचा अपेक्षित लाभ मिळत नाही. सुकाणू मात्र आणखी जड होते. रुंद टायर म्हणजे अधिक सुरक्षितता हा समज आजच्या जाहिरातींनी रुजवला आहे. जुन्या गाडीच्या संदर्भात तो तपासून घेण्याजोगा आहे. अधिक पकडीचा ताण अखेर चाकाचे आरे, हबचे दाते व सस्पेन्शनचे जोड यांच्यावरच येतो आणि ते सर्व मूळ टायरच्या पकडीला अनुसरून घडवलेले असतात.

वेगाच्या खुणांतही काळाचा फरक आहे. जुन्या पद्धतीत एसआर म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एचआर म्हणजे २१० आणि व्हीआर म्हणजे २१० च्या पुढे कितीही. आज व्ही म्हणजे २४० पर्यंत, तर डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंत. मालक ताशी शंभराच्या पुढे कधी जात नसला तरी कमी खुणेचा टायर घेणे श्रेयस्कर नाही, कारण ही खूण उष्णता सहन करण्याच्या क्षमतेचीही निदर्शक असते. भारांकाचा प्रश्न येथे गौण आहे. ९१ भारांकाचा टायर ६१५ किलोग्रॅम पेलतो आणि एवढ्या हलक्या गाडीस तो भरपूर होतो.

आऱ्यांची चाके आणि ट्यूब

पहिल्या ई-टाइपची चाके ७२ आऱ्यांची होती. प्रत्येक आऱ्याचे टोक रिममधून आरपार जाते, त्यामुळे अशा रिममध्ये हवा कोंडून राहत नाही व ट्यूब अनिवार्य ठरते. आऱ्यांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टी लावतात. येथवरची माहिती सायकल वापरणाऱ्या कोणासही परिचित आहे. अडचण पुढे येते. आजचे बहुतेक टायर ट्यूबविना वापरण्यासाठी तयार होतात व त्यांच्या आतील पृष्ठभागावर बारीक कंगोरे किंवा कागदी चिठ्ठ्या असतात. धावताना टायर व ट्यूब यांच्यात घर्षण होत राहते आणि हे कंगोरे ट्यूबला कुरतडतात. म्हणून आऱ्यांच्या चाकांसाठी आतून गुळगुळीत, ट्यूबसह वापरावयाचा टायर निवडणे, ट्यूब टायरच्याच मापाची व रेडियलसाठीची घेणे आणि जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये पुन्हा न वापरणे आवश्यक आहे. हवेचा दाबही क्रॉस-प्लायसाठी लिहिलेल्या जुन्या पुस्तिकेतून न घेता रेडियल टायरला अनुसरून ठरवावा. तो बहुधा अधिक असतो.

टायरचे वय

सामान्य गाडीत टायर बदलण्याची वेळ त्याच्या खाचा ठरवतात. जपून ठेवलेली जुनी स्पोर्ट्स कार वर्षाकाठी एक-दोन हजार किलोमीटर धावली तरी पुष्कळ. अशा गाडीत खाचा कधीच संपत नाहीत. पंधरा वर्षांनंतरही टायर नव्यासारखा दिसतो आणि नेमका हाच धोका आहे. रबर हवेतील प्राणवायू व ओझोन यांच्या संपर्काने सतत कडक होत जाते. त्याचे रक्षण करणारी मेणासारखी द्रव्ये टायर धावत असताना, लवत असताना पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीत ही प्रक्रिया मंदावते. म्हणजे कमी वापराने टायर वाचतो हा समज निम्माच खरा आहे. बाहेर भेगा दिसण्याआधीच आत पट्टा व रबर यांचा जोड सैल होऊ लागतो आणि एखाद्या उन्हाळ्यात, वेगात असताना, तळ सुटून येतो.

१० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात हाइंडहेडजवळ एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तीन जणांचा मृत्यू झाला. तो टायर एकोणीस वर्षांहून जुना होता. त्याच्या वयाबाबत तेव्हा कोणताही कायदा मोडला गेलेला नव्हता. प्रदीर्घ लोकमोहिमेनंतर ग्रेट ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बस यांच्या पुढील आसावर आणि मिनीबसच्या एकेरी चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास मनाई झाली. खासगी मोटारी या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. त्याआधी, मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या व मूलतः न बदललेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतूनही सूट मिळाली होती. अर्थात ई-टाइपच्या टायरचे वय पाहण्याचे दायित्व पूर्णतः मालकावर येते.

शक्तिमान गाडीच्या संदर्भात ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लारिटा येथे झालेला अपघातही बोलका आहे. त्यात अभिनेते पॉल वॉकर व गाडीचे चालक यांचा मृत्यू झाला. गाडी २००५ ची पोर्शे करेरा जीटी होती. तपास यंत्रणांनी अतिवेग हेच कारण मानले, तथापि टायर नऊ वर्षांचे असल्याची नोंदही तपासात झाली.

वय शोधणे अवघड नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३१९ याचा अर्थ २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. २००० पूर्वीच्या टायरवर तीनच अंक असत. तीन अंक दिसले की पुढील चौकशी व्यर्थ होय, तो टायर उतरवलाच पाहिजे. ही पूर्ण खूण एकाच बाजूवर असल्याने ती बऱ्याचदा आतल्या अंगास जाते व गाडीखाली वाकून पाहावी लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी व दहा वर्षांनंतर बदल, ही मिशेलिनची शिफारस व्यवहार्य आहे. न वापरलेला पण तीस वर्षे गोदामात पडून राहिलेला ‘मूळ’ टायर संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला विकला जातो. त्याचे स्थान संग्रहालयात आहे, रस्त्यावर नाही.

उपलब्धता

मूळ रूपाचा, परंतु आज तयार केलेला टायर मिळतो, ही या क्षेत्रातील समाधानाची बाब. पिरेलीने सिंतुरातो सीए६७ हा १८५ व्हीआर १५ मापात पुन्हा उपलब्ध केला आहे. बाहेरची नक्षी जुनी, आतील द्रव्य व निर्मिती नवी, असे त्याचे स्वरूप आहे. ब्रिटनमधील ब्लॉकली आणि अमेरिकेतील कोकर या कंपन्याही जुन्या गाड्यांसाठीच टायर काढतात. व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक हा तुलनेने परवडणारा पर्याय म्हणून ओळखला जातो. या डच कंपनीची मालकी २००९ पासून भारतातील अपोलो टायर्सकडे आहे. मात्र हा पुरवठा नाजूक असतो. एव्हॉन टायर ज्या मेल्कशॅम येथील कारखान्यात बनत, तेथील उत्पादन २०२३ मध्ये बंद झाले. अपोलोनेही नेदरलँड्समधील एन्सखेडे येथील कारखाना २०२६ मध्ये बंद करण्याचा मनोदय २०२५ मध्ये जाहीर केला.

भारतातील मालकांची अडचण याहून निराळी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ असा दर्जा व स्वतंत्र नोंदणी क्रमांकमाला दिली, पण त्यांच्या टायरचा प्रश्न त्यात आला नाही. टायरसाठी भारतीय मानकाचे प्रमाणपत्र अनिवार्य करणारा आदेश २००९ चा आहे आणि जून २०२० मध्ये मोटारींच्या नव्या टायरची आयात निर्बंधित सूचीत टाकली गेली. एका गाडीपुरते पाच टायर मागवणाऱ्यास हे सोपे नाही. मग हाताशी असलेल्या मापाकडे दृष्टी वळते. अँबॅसडरचा ५.९०-१५ हा नायलॉन टायर पंधरा इंची रिमवर बसतो, पण तो एका शांत कौटुंबिक गाडीच्या वेगासाठी व ब्रेकसाठी होता. तो बसवलेली ई-टाइप मिरवणुकीच्या वेगात चालवावी, त्यापुढे नाही.

टायर मागवताना संख्या चार नव्हे, पाच धरावी. ई-टाइपचे जादा चाक सामानाच्या कप्प्याच्या तळाखाली झाकलेले असते. चारही टायर दोन-तीनदा बदलले गेलेल्या गाडीतही तेथील टायर पुष्कळदा कोणी पाहिलेला नसतो. पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला प्रथम तोच बाहेर निघतो आणि परतीचा सारा प्रवास त्याच्यावर होतो.